किनाऱ्यावरचं माणूस

नाही म्हणजे नाही, आणि त्या खुर्चीवर बसू नका, सकाळपर्यंत ओलं शीड पडलं होतं तिच्यावर, पँट भिजेल. बाकावर बसा. बसायची तरी काय गरज आहे म्हणा — फोनवर सांगितलं बोट नाही, माझ्या कामावरच्या माणसाकरवी निरोप दिला बोट नाही, आता तोंडावर सांगते, बोट नाही. हो, दिसतेय की. ती काय, निळ्या पट्ट्याची, धक्क्याला बांधलीय, डुलतेय मजेत. दिसेल ती वस्तू द्यायचीच असते असं कुठे लिहिलंय? ह्याच धक्क्यावर आणखी दोघं शिडाच्या बोटी भाड्याने देतात. पलीकडच्याकडे तर नव्याकोऱ्या आहेत, आत ओटा काय, झोपायला गाद्या काय. तिकडे जा. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, हसून चहा देतील. मी चहा विचारणार नाही. किटली गरम आहे, पण ती माझ्यासाठी आहे.

आणि असं खाली बघू नका, जावईबुवा. जावईबुवाच म्हणणार मी — बाहेर गाडीत बसलेल्या बाईंना ऐकू जात असेल तर काच वर करायला सांगा. माझी मुलगी जाऊन सहा वर्षं झाली, तुम्ही दुसरं लग्न केलंत त्याला दीड, तरी लोक मला विचारतात, आता तो तुमचा कोण लागतो हो? मी म्हणते, नातं म्हणजे काय भाड्याची बोट आहे, आणून लावली धक्क्याला, दोर बांधला, संपलं? लागतो तो माझा जावई. चांगला मिळाला असं मी तेव्हाही कधी म्हटलं नव्हतं, पण लागतो. नाही, बाईंना आत बोलवायची गरज नाही. ऊन लागतंय तर लागू दे, गाडीला छप्पर आहे.

हा कागद कसला? आमचाच दिसतोय. गेल्या आठवड्यात कोरा घेऊन गेलात म्हणे, मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते तेव्हा — बरोब्बर वेळ साधलीत. माझा माणूस शिडं उत्तम शिवतो, पण नाही म्हणायला त्याला अजून जमत नाही. आणा इकडे. बघते. बघायला काय जातंय, बघणं म्हणजे देणं नव्हे. चष्मा — हा काय, गळ्यातच आहे. तर, बोटीवरची माणसं: चार. तुम्ही. थोरली, वय चौदा — चौदा झाली का? झालीच असणार, मला कोण कळवणार. धाकटा, नऊ. आणि चौथ्या ह्या गाडीतल्या. पोहता येतं का — तुम्हाला हो, थोरलीला हो, धाकट्याला हो, ह्यांना 'थोडं'. थोडं म्हणजे काय असतं हो? थोडं पोहता येतं म्हणजे बाकीचं बुडता येतं. लाइफ जॅकेट काढायचं नाही त्यांनी, झोपतानासुद्धा नाही, लिहा इथे. माझं पेन घ्या, तुमचं फुटकं दिसतंय. बोट देतेय म्हणून नाही सांगत. पलीकडचा हे विचारणारच नाही, म्हणून सांगतेय.

तंबू दोन. बरं, ते मी विचारत नाही. स्टोव्ह एक, दोर, टॉर्च, औषधाची पेटी. पाणी वीस लिटर — वीस? चार माणसं, दोन रात्री, आणि वाटेत कुठे विहीर नाही हे विसरलात? की शहरात राहून तुम्हाला वाटायला लागलंय की कुठेही नळ असतो? चाळीस लिहा. खोडून लिहा, वर गिरवू नका, गिरवलेलं मला वाचता येत नाही. इथे पंधरा वर्षं बोटी धुतल्यात तुम्ही, दुरुस्त केल्यात, लोकांना शिडं धरायला शिकवलीत, आणि पाणी वीस लिटर. एकोणीस वर्षांचा होतास, पहिल्यांदा आलास तेव्हा. आलात. अंगावर धड शर्ट नव्हता, बादली हातात दिली तर विचारलं होतं, गोड्या पाण्याने धुवायची की खाऱ्या? मी मुलीला म्हटलं होतं, बघ, किती हुशार माणूस ठेवलाय मी. ती हसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, ती कुठलं हसणं हसतेय ते.

मुक्काम. पहिली रात्र दीपस्तंभाखालची वाळू, ठीक, तिथे कोणीही राहतं. दुसरी रात्र — नाही. नाही, हे मी वाचलंच नाही. तुम्ही त्याच बेटावर जाणार? मुलांना घेऊन? त्यांच्या आईला जिथून चादरीत गुंडाळून आणली, तिथे तंबू ठोकून अंडी तळणार? काय म्हणालात? बाहेरच्या बाजूला, आतल्या खाडीत नाही — म्हणजे अक्कल आली म्हणायची, सहा वर्षांनी. बाहेर खोल पाणी आहे, ओहोटीलाही बोट तरंगते, हे ह्या धक्क्यावरच्या मांजराला माहीत आहे. हे कोष्टक बघताय ना भिंतीवर, भरती-ओहोटीचं? तेव्हाही इथेच टांगलेलं होतं. ह्याच खिळ्याला. तुम्ही बघितलंत का ते त्या दिवशी? बघितलंत, म्हणता. बघून आतल्या खाडीत नांगर टाकलात, तेही पार पुढे नेऊन, का तर तिथे वारा लागत नाही, तिला थंडी वाजत होती. सकाळी नऊला पाणी गेलं खालून आणि बोट बसली गाळात, कुशीवर कलंडून, म्हशीसारखी. आता संध्याकाळची भरती येईपर्यंत ती हलायची नाही. बोटीखाली पुरुषभर पाणी हवं होतं तुम्हाला, आणि तुम्ही गाळ निवडलात.

हे मी कोणाकोणाला सांगितलं, असं विचारा. सगळ्यांना सांगितलं. धक्क्यावर सांगितलं, नातेवाइकांत सांगितलं, चौकशीला अधिकारी आला त्याला सांगितलं. दुधवाल्याला सांगितलं. का नको सांगू? अकरा वाजता ती खडकावरून घसरली, तंबूचे खुंट गोळा करताना, डोकं आपटलं. बोलत होती, तुम्हीच म्हणालात, तासभर चांगली बोलत होती. मग झोप येतेय म्हणाली. बेटाच्या त्या बाजूला फोन लागत नाही, वायरलेसच्या आड टेकडी येते, बोट गाळात. तिला उचलून गाळातून कुठे जाणार, गुडघ्याच्या वर पाय रुततो. सोडून टेकडीवर जाणार तर तिच्यापाशी कोण. आणि तुम्ही बसून राहिलात. बसून राहिलात, मी हाच शब्द वापरते, तुम्हाला आवडत नसेल तर दुसरा सांगा.

मी? माझं काय? मी चारला फोन केला. चारला, एक मिनिट इकडेतिकडे नाही. बचावाची रबरी बोट पावणेपाचला तिथे होती, ती गाळावरूनही सरकते. मी माझं काम केलं. अधिकाऱ्याने विचारलं, चारलाच का? म्हटलं, कागदावर परतीची वेळ चार लिहिली होती, चारला आले नाहीत, फोन लावला. हा धंदा मी काही कालपासून करत नाही. बोट घेऊन जाणारा प्रत्येक माणूस हा कागद भरून जातो — कोण, कुठे, किती रात्री, परत कधी, आणि सगळ्यात खाली, किनाऱ्यावरचं माणूस. म्हणजे ज्याने घड्याळाकडे बघत बसायचं आणि वेळ टळली की फोन उचलायचा. तुमच्या वेळी ते माणूस मी असायचे. दर वेळी मीच असायचे. तुम्ही गेलात की मी इथे बसून घड्याळाकडे बघायचे, आणि तुम्ही कधी, आयुष्यात एकदा तरी, वेळेवर आलात?

नाही, सांगाच. एकदा. वारा पडला, शीड अडकलं, मासा लागला, सूर्य छान दिसत होता — सूर्य! — दर वेळी नवी सबब. बारा लिहायचं आणि दोनला उगवायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी बाराला फोन लावून बसले, बचावाची बोट निघाली, आणि तुम्ही दोघं तोंडात चिंच धरल्यासारखे हसत धक्क्याला लागलात. त्या बचाव केंद्रावरच्या माणसाने माझी जी खरडपट्टी काढली! बाई, जावयाच्या मागे बोटी पाठवता का, म्हणाला. वर्षभर तो मला तेच ऐकवायचा. तेव्हा माझ्या मुलीने युक्ती काढली. तिच्याच डोक्यातून निघालेली. आई, ह्यांच्या वेळेत तू आपली दोन तास मिळवत जा. हे बारा म्हणाले की तू दोन समज, दोन म्हणाले की चार समज. ह्यांना सांगू नकोस, नाहीतर ते आणखी दोन तास उशीर करतील. आम्ही दोघी हसलो होतो, ह्याच बाकावर. तेव्हापासून तो आमचा नेमच झाला. तुम्ही काहीही लिहा, मी दोन तास मिळवायचे, आणि एकदाही चुकलं नाही. तुमच्या सवयीवर मी घड्याळ लावलं असतं.

काय?

नाही, मी ऐकलं. मला ऐकू येतं. मी दोन मिळवत होते तर — हां. कागदावर चार होते तर मी सहाला फोन करायला हवा होता. चारला का केला. बरोबर. गणित तुमचं चांगलं आहे, फक्त ओहोटीचं चुकतं. मी — त्या दिवशी मला काळजी वाटत होती. आईला वाटते काळजी, त्याला काय तास मोजायचे असतात? म्हणून चारलाच केला, सहापर्यंत थांबले नाही. झालं? आता मला मुलं काय करताहेत ते सांगा. धाकट्याच्या दाताला तार लावायची होती म्हणे. नाही? ती थोरलीच्या होती का. हल्ली माझं गोंधळून जातं, इथे एकटी बसून बसून —

असे बघू नका माझ्याकडे. तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा. नाही, थांबा, म्हणू नका.

त्या दिवशी मी धक्क्यावर तुम्हाला निरोप द्यायला आले नव्हते. आठवत असेल तुम्हाला. आदल्या रात्री तुम्ही सांगितलं होतं शहरातल्या नोकरीचं, महिन्याभरात सगळं बिऱ्हाड हलवणार, मुलांची नावं तिकडच्या शाळेत घालणार, आणि तिला आधीपासून माहीत होतं — मला शेवटी सांगितलंत, तेही दोन रात्री बेटावर जायचं, मुलं तुमच्याकडे ठेवतो, असं गोड बोलून. मी पाठीमागच्या खोलीत शिडाला भोकं पाडत बसले. कामच होतं ते, कड्या बसवायच्या होत्या, पण मी भोकंच पाडत होते. ती आत आली. कागद ठेवला शिवणयंत्रावर. आई, भरलाय, म्हणाली. मी बघितलं नाही. तिच्याकडेही बघितलं नाही. कड्यांची डबी शोधत होते मी, समोरच होती. ती थोडा वेळ थांबली, मग गेली.

दोन रात्री गेल्या. परतीच्या दिवशी मुलं इथेच होती, ह्याच खोलीत. धाकटा तीन वर्षांचा, शिडांच्या ढिगावर झोपलेला. थोरली आठ वर्षांची, नुकतं घड्याळ वाचायला शिकलेली, दर पाच मिनिटांनी मला वेळ सांगत होती, मला उबग आला होता. आणि तिला वाचताही यायचं. तिने तो कागद यंत्रावरून घेतला, वाचला, आणि म्हणाली, आजी, इथे दोन लिहिलंय. दोन वाजले. आई आली नाही.

दोन. दोनच लिहिलं होतं. चार कधीच नव्हतं.

मी म्हटलं, बाबांचे दोन म्हणजे चार, बाळा. असं म्हणाले मी. हसत म्हणाले. रागही होता मनात — म्हटलं, उशीर करणारच, आज तर मुद्दाम करणार, मला वाट बघायला लावणार, आता तर काय नोकरी लागली शहरात, आता म्हातारीचं कोण ऐकतंय. मी त्यांच्यासाठी एक मिनिट आधी फोन उचलणार नाही. चहा केला. पोरीला बिस्किटं दिली. तीनला ती परत म्हणाली, आजी, तीन. मी तिला ओरडले. कागद तिच्या हातातून ओढून घेतला आणि यंत्राच्या खणात टाकला. चारला फोन लावला, चार म्हणजे चार, मी माझ्या शब्दाची पक्की आहे. आणि फोन ठेवल्यावर मग मी तो कागद बाहेर काढला, केंद्रावर नावं सांगितली होती ती नीट आहेत का बघायला, आणि तेव्हा बघितलं. अक्षर तुमचं नव्हतं. तुम्ही दोन असा काढता, शेपटी वळवून. ते तिचं होतं. तिने भरला होता कागद. तुम्ही बाराच म्हणाला असणार, आणि तिने मनातल्या मनात दोन तास मिळवून, मला सोपं जावं म्हणून, दोन लिहिलं. आणि मी त्यात आणखी दोन मिळवले.

डॉक्टर म्हणाला साडेतीनच्या सुमाराला. तुम्हीही तेच म्हणालात.

दोनला फोन केला असता तर पावणेतीनला बोट तिथे असती. हे गणित माझं चांगलं आहे.

हा घ्या. फोडायला कुलूपसुद्धा नाही त्या खणाला, सहा वर्षं तसाच आहे, कड्यांच्या डबीखाली. घ्या, वाचा. अधिकाऱ्याने मागितला होता, म्हटलं भिजला, शाई पसरली, फेकून दिला, पण वेळ आठवते, चार होती, ह्यांनीच लिहिली होती. तुम्ही समोर उभे होता. चिखल अजून वाळला नव्हता तुमच्या पायांवरचा. त्याने तुम्हाला विचारलं, चार? आणि तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, ह्याला काय माहीत तिने काय लिहिलं ते, हा तर तेव्हा बोटीत पिंपं चढवत होता. सुटले, असं वाटलं मला. मुलगी बाहेर बाकावर ठेवलेली, आणि मला सुटले असं वाटलं — हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला का सांगतेय ते कळत नाही. इथे रडू नका, कागद भिजेल. भिजला म्हणून सांगितलं होतं मी, आता खरंच भिजवू नका.

काय म्हणालात?

परत म्हणा.

ती म्हणाली. खडकाला टेकून. दोन लिहिलंय मी, दोनला आई फोन करेल, तू जाऊ नकोस, इथे बस. असं म्हणाली. म्हणून तुम्ही बसलात. दोनची वाट बघत. आणि दोन वाजले, आणि —

मग तुम्हाला माहीत होतं. त्या अधिकाऱ्यासमोर मी चार म्हणाले तेव्हा तुम्हाला माहीत होतं मी खोटं बोलतेय. आणि मान हलवलीत. आणि सहा वर्षं मी गावभर सांगत फिरले, आणि तुम्ही तुमच्या शहरात बसून — काय होतं ते? मोठेपणा? म्हातारीवर दया? कोणी मागितली होती तुमच्याकडे दया? तुम्ही तिथेच म्हणायला हवं होतं, ही खोटं बोलतेय म्हणून. माझी गचांडी धरायला हवी होती. मी तुम्हाला इतकं बोलले, इतकं बोलले, आणि तुम्ही ऐकत राहिलात, म्हणजे दर वेळी मी बोलत होते आणि तुम्ही माझ्याकडे वरून बघत होता. ह्याच्यापेक्षा तुम्ही मला मारलं असतं तर बरं झालं असतं. नाही, गप्प बसा. तेच तर जमतं तुम्हाला.

आणि एक लक्षात ठेवा. गाळात नांगर तुम्ही टाकलात. ते काही मी ह्यात विरघळू देणार नाही. तुमचं तुमच्याकडे, माझं माझ्याकडे. वाटून घेऊन हलकं करायचं असेल तर ते बाहेर गाडीत बसल्यात त्यांच्याशी करा.

त्या उतरल्या वाटतं गाडीतून. उतरू दे. आत येत नाहीत ना, मग झालं. टोपी चांगली आहे, पण वाऱ्यात टिकायची नाही, बोटीवर बांधून ठेवायला सांगा. बोट देतेय असं मी म्हटलं का? मी टोपीबद्दल म्हटलं.

कागद पुरा बघितला नाही अजून मी. परतीची वेळ: दोन. शेपटी वळवलेला, म्हणजे हा तुमचा. ह्या दोनात किती मिळवलेत? खरं सांगा. बाराला येणार म्हणून दोन लिहिलंय, की दोनला येणार म्हणून? दोनला येणार म्हणून दोन. बरं. आणि त्याच्या खाली, किनाऱ्यावरचं माणूस — हे काय आहे? 'आजी'. नुसतं आजी. इथे पूर्ण नाव लिहायचं असतं, पत्ता लिहायचा असतो, आजी काय आजी, केंद्रावरच्या माणसाला मी काय सांगू, आजी बोलतेय म्हणून? आणि खाली माझा नंबर, बरोबर आहे, पाठ आहे म्हणजे. हे तुमचं अक्षर नाही. त्यांचंही नसणार.

तिने लिहिलं. थोरलीने.

तुम्ही सांगितलंत तिला लिहायला? नाही. तिचं म्हणणंच असं आहे. पलीकडच्याकडची नवी बोट तुम्ही दाखवलीत तर म्हणाली, नको, आजीची हवी, आणि आजी किनाऱ्यावर असेल तरच मी चढणार. बेटही तिनेच ठरवलं. म्हणजे तिला सगळं — अर्थात तिला माहीत आहे. तिच्याच हातातून ओढला होता मी तो. आठ वर्षांच्या पोरीला काय विसरायला होतं? आणि तीही गप्प. तुमचीच पोर. सुट्टीत यायची, माझ्या शेजारी झोपायची, आजी गोष्ट सांग म्हणायची, आणि सहा वर्षं तिने एकदाही मला वेळ विचारली नाही. माझ्या लक्षात आलं होतं ते. किती वाजले, असं ती माझ्या घरात कधी म्हणत नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून जेवायला बसते. मी मुद्दाम ते तिकडून हलवलं नाही.

परीक्षा घेतेय माझी. घेऊ दे. चौदा वर्षांची झाली, घेणारच.

तो दुसरा, जुना, तो ठेवा इकडे. नाही, तुम्हाला नेता येणार नाही, तो ह्या कार्यालयाचा आहे. तिला द्यायचा तर मी देईन, परत आल्यावर, हातात देईन. तुम्ही मध्ये पडू नका. आणि तिला काही सांगूही नका आज इथे काय झालं ते. काही झालेलं नाही. तुम्ही कागद आणलात, मी तपासला, पाणी कमी होतं, वाढवलं. शिडाची डावीकडची कडी नवी आहे, घट्ट बसेल सुरुवातीला, तेल लावायचं नाही, आपोआप सैल होते. धाकट्याला सुकाणू धरू द्या थोडा वेळ, त्याच्या आईने त्याच वयात धरलं होतं. बाहेरच्या खाडीत दोन नांगर टाका, एक पुढे, एक मागे. कोष्टक घ्या हे. भिंतीवरून काढून घ्या, मला पाठ आहे. तारीख बघून वाचा, तारीख, बोट ठेवून.

आणि दोन म्हणजे दोन. दोन वाजून एक मिनिटाला मी फोन उचलणार. वारा पडू दे, मासा लागू दे, तुम्ही मला समोर ह्या खिडकीतून येताना दिसत असलात, तिची टोपी दिसत असली, थोरली हात हलवत असली, तरी उचलणार. तो केंद्रावरचा माणूस अजून आहे तिथे, हसू दे त्याला. मी मिळवणार नाही, एक मिनिटसुद्धा मिळवणार नाही.

नाही, हातबित नका लावू मला. मला हे आवडत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या बाहेर उभ्या आहेत उन्हात. ऊठ. पिंपं मागच्या दारापाशी आहेत, चार घे, धुऊन ठेवलीत, गोड्या पाण्याने. जा आता, आणि दार ओढून घे, वारा आत येतोय, कागद उडतील.